वेस्टमोरलंडचे जज्जसाहेब

1950 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळच्या वेस्टमोरलंड या लहानशा शेतकरी गावात स्थानिक न्यायाधीशपदाची निवडणूक झाली. निवडून आले दलिपसिंग सौंद. वय एकावन्न, शिक्षण गणितातली पीएचडी, धंदा शेतीचा. मते मोजली गेली, निकाल लागला आणि त्यानंतर त्यांना ते पद नाकारण्यात आले. निवडून येणारा माणूस किमान एक वर्ष अमेरिकेचा नागरिक असला पाहिजे, असा नियम होता. सौंद यांना नागरिकत्व मिळाले होते 16 डिसेंबर 1949 रोजी. वर्ष भरायला थोडेच आठवडे कमी पडले होते. त्या देशात ते तीस वर्षे राहत होते, पण कायद्याच्या लेखी त्या तीस वर्षांची किंमत शून्य होती.

सहा वर्षांनी हेच सौंद अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात निवडून गेले. मतदानाचा पूर्ण हक्क असलेले सदस्य म्हणून तिथे पोचलेले आशियाई वंशाचे ते पहिले गृहस्थ. पहिले भारतीय आणि पहिले शीखही तेच. त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच संपते: पंजाबातल्या खेड्यातून निघालेला मुलगा, कष्ट, जिद्द आणि शेवटी वॉशिंग्टन. कष्ट आणि जिद्द होतीच. पण ती त्यांच्या आसपासच्या शेकडो पंजाबी शेतकऱ्यांपाशीही होती आणि त्यांच्यापैकी कोणी साधे पंच होऊ शकले नव्हते. सौंद यांची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी त्यांच्या वाटेत उभा असलेला कायदा पाहावा लागतो आणि तो हटवायला किती माणसांचे किती हात लागले, तेही पाहावे लागते.

सौंद यांचा जन्म 20 सप्टेंबर 1899 चा, अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवड्डी गावचा. आईवडिलांना लिहितावाचता येत नव्हते, पण घर सुस्थितीत होते आणि मुलांनी शिकावे अशी दोघांचीही इच्छा होती. पंजाब विद्यापीठातून 1919 साली त्यांनी गणिताची पदवी घेतली. त्याच वर्षी त्यांच्याच जिल्ह्यात जालियनवाला बाग घडली. गांधीजींच्या विचारांनी हा तरुण भारावला होता. दुसरीकडे, पहिल्या महायुद्धाच्या काळात वर्तमानपत्रांत छापून येणारी अध्यक्ष विल्सन यांची भाषणे वाचता वाचता तो लिंकनपर्यंत जाऊन पोचला होता. गांधी आणि लिंकन ही जोडी पुढे आयुष्यभर त्यांच्या बोलण्यात राहिली.

1920 साली ते अमेरिकेला निघाले तेव्हा मनात राजकारण नव्हते. फळे टिकवण्याचे आणि डबाबंद करण्याचे शास्त्र शिकायचे, दोनतीन वर्षांत परत यायचे आणि पंजाबात आंबे डबाबंद करण्याचा कारखाना काढायचा, असा बेत होता. 1917 च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागातून मजुरांना अमेरिकेत यायला बंदी झाली होती, विद्यार्थ्यांना मात्र मुभा होती. त्या फटीतून ते आत आले. बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. स्टॉकटन इथल्या गुरुद्वाराने, म्हणजे अमेरिकेतल्या पहिल्या गुरुद्वाराने, भारतीय विद्यार्थ्यांसाठी बर्कलीत एक वसतिगृह चालवले होते. तिथे राहण्याची सोय झाली. सुट्ट्यांत फळांच्या कारखान्यांत काम करायचे आणि शिकायचे. लवकरच ते शेतीशास्त्र सोडून आपल्या मूळ आवडीकडे, गणिताकडे वळले. 1922 साली एमए झाले, 1924 साली डॉक्टरेट मिळाली.

या दोन पदव्यांच्या मधल्या काळात, 19 फेब्रुवारी 1923 रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल दिला. तो इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण सौंद यांच्या पुढच्या तेवीस वर्षांवर त्याची सावली आहे.

जन्माने परदेशी असलेल्या माणसाला अमेरिकेचे नागरिक व्हायचे असेल, तर तो 'गोरा' किंवा आफ्रिकी वंशाचा असला पाहिजे, असा तेव्हाचा कायदा. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. उत्तर भारतीय माणूस आर्यवंशीय, म्हणजे त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणे कॉकेशियन, आणि म्हणून गोरा, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने झाला. न्यायालयाने तो मानला नाही. शास्त्र काहीही म्हणो, सामान्य अमेरिकी माणूस ज्याला गोरा समजत नाही तो कायद्याने गोरा नव्हे, असे एकमताने ठरले. त्या युक्तिवादाचा पाया आज वाचताना अस्वस्थ करतो. समान हक्क मागण्याऐवजी गोऱ्यांत आपली गणना व्हावी, एवढीच मागणी त्यात होती. पण कायद्यानेच फक्त तेवढे एक दार ठेवले होते.

निकालाचा घाव थिंड यांच्यापुरता राहिला नाही. आधी नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वैष्णोदास बगाई या व्यापाऱ्याचे नागरिकत्व असेच गेले. घरदार आणि दुकान गमावून बसलेल्या या माणसाने 1928 साली आत्महत्या केली. या लाटेला अडवणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. थिंड यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात त्यांनीच मांडली होती. नंतर सरकारने त्यांच्याच नागरिकत्वावर दावा लावला, तेव्हा ते स्वतःसाठी लढले आणि 1926 साली अपील न्यायालयात जिंकले. त्यानंतर सरकारने उरलेले दावे सोडून दिले. नवे नागरिकत्व मात्र कोणालाच मिळणार नव्हते. भारतीय वाचकांच्या आठवणीत पंडितांना जागा मिळायला हवी होती आणि ती मिळालेली नाही, हे इथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

तर 1924 साली सौंद यांच्या हातात गणिताची डॉक्टरेट होती आणि समोर एकही विद्यापीठ उघडे नव्हते. 1925 साली ते इम्पीरियल खोऱ्यात उतरले आणि कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या टोळीवर मुकादम झाले.

हे खोरे म्हणजे वाळवंटच. जमीन समुद्रसपाटीच्या खाली, पाऊस जवळपास नाही, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने इथे आणले गेले आणि वाळूत लेट्यूस, खरबुजे, कापूस, लसूणघास पिकू लागला. कालव्याच्या पाण्याची शेती पंजाबी माणसाला नवी नव्हती. कितीतरी शीख शेतकरी इथे स्थिरावले. त्यांना गावाकडून बायका आणता येत नव्हत्या, गोऱ्या स्त्रियांशी लग्नाला बहुधा राज्याच्या कायद्याची आडकाठी येई. म्हणून अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली आणि त्या खोऱ्यात पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांची एक आगळी वस्ती उभी राहिली. जमिनीचे दुखणे त्याहून मोठे. ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमीन विकत घ्यायला 1913 च्या राज्य कायद्याने मनाई होती. 1920 साली त्यात सुधारणा होऊन भाडेपट्ट्यानेही जमीन घ्यायला बंदी आली. व्यवहार मग ओळखीच्या गोऱ्या माणसांच्या नावावर व्हायचे आणि सगळे त्यांच्या शब्दावर चालायचे.

सौंद यांनी याच रीतीने लेट्यूस केले, चाऱ्याची पिके केली, बीट केले. भाव पडले की कर्ज चढायचे. मंदीच्या वर्षांत ते पुरते बुडाले. दिवाळखोरी जाहीर करून मोकळे होण्याची सोय कायद्यात होती आणि आसपासचे बरेच लोक ती वापरत होते. सौंद यांनी ती वापरली नाही, कर्ज वर्षानुवर्षे फेडत राहिले. पुढे मते मागायला दारोदार गेल्यावर गावातल्या व्यापाऱ्यांना आणि सावकारांना हे आठवत होते.

1928 साली त्यांनी मॅरियन कोसा यांच्याशी लग्न केले. कोसा हे चेक वंशाचे, चित्रकारांचे घराणे. नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्व हिरावून घेणारा कायदा तेव्हा जारी होता. 1931 पर्यंत तो टिकला. या काळात सौंद यांच्यापाशी एकच राजकीय साधन होते, ते म्हणजे वाणी. कॅथरीन मेयो या अमेरिकी लेखिकेचे भारताची नालस्ती करणारे 'मदर इंडिया' 1927 साली आले आणि अमेरिकेत जोरात खपले. स्टॉकटनच्या गुरुद्वाराने त्याला उत्तर लिहायची कामगिरी सौंद यांच्यावर सोपवली. 1930 साली त्यांचे 'माय मदर इंडिया' प्रसिद्ध झाले. चर्चमध्ये, क्लबांत, शाळांत, जिथे बोलावतील तिथे जाऊन ते भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडत. त्याच व्यासपीठांवर त्यांनी अमेरिकी श्रोत्याशी बोलण्याची हातोटी कमावली. खोऱ्यातल्या लोकांत त्यांचे नाव 'डॉक' पडले होते.

दुसऱ्या महायुद्धाने वारे फिरले. चीन आणि भारत हे मित्रपक्षांच्या बाजूचे देश. त्यांच्या माणसांना वंशावरून नागरिकत्व नाकारणे अमेरिकेला जगात महाग पडू लागले. चिनी लोकांवरची बंदी 1943 साली उठली. भारतीयांसाठी न्यूयॉर्कमध्ये जे. जे. सिंग यांची इंडिया लीग धडपडत होती. पश्चिमेकडे कॅलिफोर्नियातल्या भारतीयांना एकत्र आणून सौंद यांनी इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका उभी केली आणि तिचे ते पहिले अध्यक्ष झाले. शेतकऱ्यांनी वर्गण्या दिल्या, खासदारांना पत्रे गेली, शिष्टमंडळे वॉशिंग्टनला गेली. सगळ्या अमेरिकेत तेव्हा भारतीय होते अडीच हजारांच्या आसपास आणि त्यांतल्या बहुतेकांना मत नव्हते. ज्यांच्या हाती मत नाही त्यांनी कायदेमंडळाचे मन वळवायचे, हे काम किती जिकिरीचे असेल! रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅट इमॅन्युएल सेलर या दोन विरोधी पक्षांच्या सदस्यांनी विधेयक लावून धरले. 2 जुलै 1946 रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यावर सही केली. भारतातून वर्षाला फक्त शंभर माणसांना प्रवेश मिळणार होता. पण आधीपासून राहणाऱ्यांना नागरिक होता येणार होते आणि त्याबरोबर स्वतःच्या नावावर जमीन घेता येणार होती.

तीन वर्षांनी सौंद नागरिक झाले. लगेच ते आपल्या जिल्ह्याच्या डेमोक्रॅटिक पक्ष समितीवर निवडून आले आणि 1950 साली न्यायाधीशपदाला उभे राहिले. त्याचे पुढे काय झाले ते सुरुवातीला सांगितलेच आहे. 1952 साली ते पुन्हा त्याच पदासाठी उभे राहिले. या निवडणुकीतली एक हकीकत त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवली आहे. निवडून आलात तर तुमच्या कोर्टात येताना आम्हाला पगडी बांधावी लागेल का आणि ती तुम्ही पुरवणार की आम्ही विकत घ्यायची, असे एकाने चारचौघांत विचारले. सौंद यांनी शांतपणे सांगितले की माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, डोक्यात काय आहे ते मी पाहतो. सौंद स्वतः फार पूर्वीपासून पगडी बांधत नव्हते. प्रश्न विचारणारा नंतर त्यांचा चांगला मित्र झाला.

ते निवडून आले आणि या वेळी पदावर बसलेही. हे आपल्याकडच्या तालुका न्यायालयापेक्षाही खालचे न्यायासन. वाहतुकीचे गुन्हे, दारू पिऊन दंगा, छोटी देणीघेणी असले खटले. वेस्टमोरलंडची ख्याती तेव्हा जुगार आणि वेश्याव्यवसायासाठी होती. सौंद यांनी शिक्षा कडक केल्या आणि गावाला ते जाणवले. पगार तुटपुंजा, म्हणून जोडीला खतविक्रीचा धंदा सुरू केला. 'डॉक' आता 'जज्ज' झाले. 1954 साली ते जिल्हा पक्ष समितीचे अध्यक्षही झाले.

त्यांच्या कारकिर्दीचा हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारतातून गेलेला माणूस वॉशिंग्टनची स्वप्ने पाहतो तेव्हा गावच्या कोर्टाकडे, पक्षाच्या जिल्हा समितीकडे त्याचे लक्ष नसते. सौंद यांनी नेमके तिथे बस्तान बसवले. ज्यांच्या मतांवर पुढे निवडून यायचे, त्यांच्यापैकी अनेकांचे खटले त्यांनी चालवले होते, अनेकांना खत विकले होते, अनेकांचे पैसे चुकते केले होते.

1955 साली त्यांनी प्रतिनिधीगृहाची उमेदवारी जाहीर केली. प्रतिनिधीगृहाचे सदस्य 435 आणि मुदत दोनच वर्षांची. आपल्या खासदाराला पाच वर्षे मिळतात, अमेरिकी प्रतिनिधीला निवडून आल्या दिवसापासून पुढच्या निवडणुकीची तयारी करावी लागते. रिव्हरसाइड आणि इम्पीरियल या दोन जिल्ह्यांचा, पाम स्प्रिंग्जच्या श्रीमंत बंगल्यांपासून कोलोरॅडोकाठच्या शेतांपर्यंत पसरलेला 29 वा मतदारसंघ रिकामा होत होता. तो रिपब्लिकन पक्षाकडे होता.

पहिला अडथळा स्वतःच्या पक्षातूनच आला. प्राथमिक फेरीतले प्रतिस्पर्धी कार्ल केगली यांनी न्यायालयात धाव घेतली. प्रतिनिधी होण्यासाठी सात वर्षांचे नागरिकत्व लागते आणि सौंद यांची सात वर्षे भरलेली नाहीत, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने ते फेटाळले. राज्यघटनेप्रमाणे ही अट पद स्वीकारताना पुरी झालेली असावी लागते. सात वर्षे भरत होती 16 डिसेंबर 1956 ला, शपथ होती 3 जानेवारी 1957 ला. अठरा दिवस शिल्लक राहत होते.

नोव्हेंबरात समोर होत्या जॅकलिन कॉक्रन. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने विमान चालवणारी जगातली पहिली स्त्री, महायुद्धात महिला वैमानिकांच्या दलाची प्रमुख, धनाढ्य उद्योगपतीची पत्नी, अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याशी घरोबा. स्वतःचे विमान चालवत त्या मतदारसंघभर सभा घेत होत्या. देशभरच्या वर्तमानपत्रांना असा सामना फार दिवसांत मिळाला नव्हता. सौंद यांच्याकडे होते कुटुंब आणि गाववाले. मॅरियन आणि मुले घरोघर जाऊन मतदारांची नावे नोंदवत होती, सभेला जेवणावळी होत होत्या. शेतमाल, पाणी, कालवे हे विषय सौंद यांना तोंडपाठ होते. त्यांच्या वंशाचा उल्लेख विरोधकांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा केला. त्या वर्षी आयझेनहॉवर देशभर प्रचंड मतांनी जिंकले, तरीही या मतदारसंघात सौंद थोड्या फरकाने निवडून आले.

नवख्या सदस्याला सहसा न मिळणारी परराष्ट्र व्यवहार समितीची जागा त्यांना पहिल्याच वर्षी मिळाली. 1957 च्या नागरी हक्क विधेयकाला त्यांनी मत दिले. त्याच वर्षाअखेर ते पत्नी आणि मुलीसह आशियाच्या दौऱ्यावर निघाले आणि सदतीस वर्षांनी छज्जलवड्डीला पोचले. सगळे गाव लोटले होते. हा दौरा अमेरिकी सरकारच्याही सोयीचा होता. लिटल रॉक शहरात काळ्या मुलांना शाळेत शिरू न देण्याचे प्रकरण नुकतेच जगभर गाजले होते आणि अमेरिकेत वंशभेद नाही असे सांगायला सौंद यांच्याइतका बोलका पुरावा दुसरा नव्हता. सौंद यांना हे कळत होते आणि ते मनापासून अमेरिकी लोकशाहीची बाजू मांडत होते. तेवीस वर्षे ज्या कायद्याने त्यांना बाहेर ठेवले, तो लोकशाही मार्गानेच बदलला होता, ही त्यांची श्रद्धा होती. मात्र त्यांच्या एका विजयाने दक्षिणेतल्या काळ्या माणसाला मत मिळाले नव्हते, हेही तितकेच खरे.

परदेशी मदतीबद्दल ते परखड होते. हुकूमशहांना शस्त्रे आणि वरच्या वर्गाला पैसा देऊन आशियातला सामान्य माणूस अमेरिकेचा मित्र होणार नाही, मदत खेड्यापर्यंत गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मतदारसंघाचे काम म्हणजे मुख्यतः पाणी आणि शेती. मेक्सिकोतून हंगामी मजूर आणण्याच्या 'ब्रासेरो' योजनेला त्यांनी पाठिंबा दिला. खोऱ्यातल्या बागायतदारांना ते मजूर हवे होते, पण त्या योजनेत मजुरांची पिळवणूकही मोठी होती. स्वतः एकेकाळी मजुरांच्या टोळीबरोबर उन्हात राबलेल्या माणसाकडून इथे अधिक अपेक्षा होती असे मला वाटते.

1958 आणि 1960 साली ते पुन्हा निवडून आले. 1960 मध्ये त्यांचे 'काँग्रेसमन फ्रॉम इंडिया' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मे 1962 मध्ये विमानप्रवासात त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला आणि वाचा गेली. चौथ्यांदा त्यांचे नाव मतपत्रिकेवर होते, प्रचार मॅरियन आणि मित्रांनी केला, उमेदवार रुग्णालयात होता. नोव्हेंबरात रिपब्लिकन पॅट्रिक मार्टिन निवडून आले. त्यानंतरची जवळजवळ अकरा वर्षे सौंद यांनी आजारपणात काढली. 22 एप्रिल 1973 रोजी त्यांचे निधन झाले.

टेमेक्युला गावच्या टपाल कार्यालयाला 2005 साली त्यांचे नाव देण्यात आले. 2007 साली वॉशिंग्टनच्या संसदभवनात त्यांचे तैलचित्र लागले. हा मान प्रतिनिधीगृहातल्या तीन कार्यकाळांना मिळाला. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र प्रतिनिधी होण्यापूर्वीचे, 1946 च्या कायद्यासाठी इतरांबरोबर केलेले आहे. त्याचा लाभ हजारोंना झाला. पण शंभर माणसांची वार्षिक मर्यादा 1965 च्या स्थलांतर कायद्यापर्यंत कायम राहिली आणि तिच्यामुळे भारतीयांची संख्या वाढायला आणखी एक पिढी जावी लागली. सौंद यांनी जानेवारी 1963 मध्ये जागा सोडली. भारतीय वंशाचे पुढचे प्रतिनिधी, लुईझियानाचे बॉबी जिंदल, शपथ घ्यायला उभे राहिले जानेवारी 2005 मध्ये, बेचाळीस वर्षांनी. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार मिशिगनमधून निवडून आले 2022 साली.